'ब्रोकन सोर्ड' हातात घेताना: मूळ गेम, त्याचे छोटे अवतार आणि फोनवर मूळ गेम नीट लावायची पद्धत

'ब्रोकन सोर्ड' मी पहिल्यांदा खेळलो तो मुका. मित्राच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या खेळयंत्रावर, रात्रीच्या रेल्वेत, वरच्या बर्थवर. त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून बर्थवरच्या दिव्याकडे पडदा तिरका धरून खेळायचं. पॅरिसमधलं कॅफे, तिथला स्फोट, त्यातून वाचलेला जॉर्ज स्टॉबार्ट नावाचा अमेरिकन पर्यटक आणि त्याच्या मागे लागलेलं टेम्प्लर या मध्ययुगीन सरदारांचं गूढ, सगळं समजलं. गेम शेवटपर्यंत गेला. काही वर्षांनी १९९६चा मूळ गेम संगणकावर लावला, जॉर्ज बोलायला लागला, आणि मी तो पुन्हा पहिल्यापासून, घाई न करता खेळलो. त्या दोन खेळण्यांत जो फरक जाणवला, त्यातूनच हा लेख आलाय.

जुने अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे वस्तू शोधत, लोकांशी बोलत, कोडी सोडवत पुढे जायचे गोष्टीरूप गेम, फोनवर किंवा हँडहेल्डवर (हातात धरायच्या खेळयंत्रावर) खेळावेत की संगणकावर, हा प्रश्न आता थोडा बदलला आहे. पूर्वी छोट्या यंत्रासाठी गेम कापूनछाटून नव्याने बांधावा लागे. आज तुमच्या खिशातला फोन तो मूळ गेम जसाच्या तसा चालवू शकतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: पहिल्यांदा खेळताना मूळ गेमच खेळा, हवं तर फोनवर. हँडहेल्डसाठी केलेली आवृत्ती दुसऱ्या फेरीला ठेवा. ती वेगळी कलाकृती म्हणून बघितली की तिची मजाही येते.

आधी कुठली आवृत्ती कोणती ते ओळखा

दुकानात सगळ्यांचं नाव जवळपास एकच दिसतं आणि इथेच लोक फसतात. यॉर्कच्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरने, चार्ल्स सेसिल यांच्या दिग्दर्शनाखाली, १९९६ साली मूळ गेम काढला. दोन सीडी, ६४० × ४८० चित्रबिंदूंचा पडदा, हाताने काढलेली पार्श्वचित्रं, कार्टूनपटासारखी अ‍ॅनिमेशनची दृश्यं, बॅरिंग्टन फेलंग यांचं संगीत आणि जॉर्जला रॉल्फ सॅक्सन यांचा आवाज.

२००२ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला तो माझा मुका गेम. आवाज गेला, अ‍ॅनिमेशनच्या जागी स्थिर चित्रं आणि मजकूर आला. माऊस नाही, त्यामुळे जॉर्जला थेट दिशेच्या बटणांनी चालवायचं.

२००९ साली निन्टेन्डो वी आणि डीएसवर 'डायरेक्टर्स कट' आला. पुढे २०१०मध्ये तो आयफोनवर आणि संगणकावर, २०१२मध्ये अँड्रॉइडवर पोचला. याला नुसता पोर्ट, म्हणजे तोच गेम दुसऱ्या यंत्रावर आणणं, म्हणणं चुकीचं ठरेल, कारण गेमच बदलला आहे. मूळ गेम कॅफेसमोर सुरू होतो. इथे आधी पत्रकार निको कोलार्डची नवी प्रकरणं येतात. संवादांच्या वेळी कॉमिक्सचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी काढलेले चेहरे दिसतात. इशारे देणारी सोय आहे, डायरी आहे, आणि नायक मरू शकत नाही. मूळ गेममध्ये तो चांगला मरतो. डीएसवर या आवृत्तीलाही आवाज नाही, फक्त मजकूर आहे.

२०२४ साली 'रिफोर्ज्ड' आली. ती 'डायरेक्टर्स कट'वर न बेतता १९९६च्या मूळ गेमवर बेतलेली आहे, चित्रं नव्याने रंगवलेली. मोठ्या पडद्यासाठी ती सुरेख आहे, पण या लेखाचा विषय छोटा पडदा आहे, म्हणून इथे तिला बाजूला ठेवतो.

पडद्याचं गणित

हे गणित एकदा करून ठेवलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

मूळ गेमच्या पडद्यावर ६४० × ४८०, म्हणजे ३,०७,२०० चित्रबिंदू. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा पडदा २४० × १६०, म्हणजे ३८,४००. बरोबर आठवा हिस्सा. डीएसचा एक पडदा २५६ × १९२, म्हणजे ४९,१५२. सहाव्या हिश्शापेक्षाही कमी. आता विचार करा: ज्या गेममध्ये कोपऱ्यात पडलेली एखादी वस्तू दिसणं हाच खेळ आहे, तिथे आठातले सात बिंदू काढून टाकले तर काय उरेल? वस्तू एक तर मोठी करून काढावी लागते, नाही तर तिच्यावर खूण लावावी लागते. 'डायरेक्टर्स कट'मध्ये स्पर्शाच्या पडद्यावर बोट किंवा पेन फिरवलं की जिथे काही करता येतं तिथे खुणा उमटतात, त्या याच अडचणीतून आल्यात. सोय आहेच, पण खोली नजरेने चाळण्याचं काम ती तुमच्याकडून काढून घेते.

'मिस्ट'च्या बाबतीत हेच जास्त बोचतं. १९९३चा हा गेम सगळा स्थिर चित्रांचा. प्रत्येक चित्र ५४४ × ३३३चं. बेटावरची चिठ्ठी, पुस्तकांतल्या आकृत्या, यंत्रांवरच्या खुणा वाचूनच पुढे जायचं असतं. डीएसच्या आवृत्तीत तेच चित्र २५६ बिंदूंच्या रुंदीत बसवलंय. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून भिंगासारखं साधन दिलंय. वाचण्यासाठी भिंग लागणारा गेम मी कुणालाही पहिल्यांदा खेळायला सांगणार नाही.

आता तुमच्या फोनचं. बहुतेक फोनचा पडदा लांबट असतो, साधारण २०:९. जुने गेम ४:३चे. ६.५ इंची फोन आडवा धरला तर ४:३ चित्राचा कर्ण जेमतेम साडेचार इंच भरतो, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते पट्टे राहू द्या. ते घालवायला चित्र ताणलं की जॉर्ज बुटका आणि जाडा दिसतो, आणि पॅरिसची ती देखणी गल्लीही बिघडते. घरात ४:३चा टॅब्लेट असेल तर या गेमसाठी त्याहून चांगलं हँडहेल्ड नाही.

पायरी १: सराव फुकटच्या गेमवर करा

लगेच पैसे खर्च करू नका. याच रिव्होल्यूशनचे 'ल्युअर ऑफ द टेम्प्ट्रेस' (१९९२) आणि 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) हे दोन गेम कंपनीनेच २००३मध्ये मोफत खुले केले. 'स्कमव्हीएम'च्या संकेतस्थळावरून ते कायदेशीर उतरवता येतात. 'स्टील स्काय'ची सीडी आवृत्ती घ्या. फ्लॉपीच्या आवृत्तीत आवाज नाही.

'स्कमव्हीएम' म्हणजे काय, हे थोडक्यात. लुकासफिल्म गेम्सने १९८७च्या 'मॅनियाक मॅन्शन'साठी स्कम नावाची व्यवस्था केली, आणि त्यांचे पुढचे बरेच गेम तिच्यावरच चालले. २००१मध्ये काही हौशी प्रोग्रामरनी ती व्यवस्था नव्या यंत्रांवर चालवणारा मुक्त प्रोग्राम लिहायला घेतला. नंतर त्यात रिव्होल्यूशन, सिएरा आणि इतर अनेकांचे गेम सामील झाले. त्याचं काम समजून घ्या: तो जुना संगणक उभा करत नाही. गेमच्या चित्रांच्या, आवाजांच्या, संवादांच्या फाइली वाचतो आणि त्या चालवणारा भाग स्वतःचा वापरतो. म्हणून तो फोनवरही हलका चालतो, आणि म्हणूनच गेमच्या फाइली तुमच्याकडे असाव्या लागतात. प्रोग्रामबरोबर त्या येत नाहीत.

पायरी २: मूळ गेमच्या फाइली मिळवा

'ब्रोकन सोर्ड'साठी सोपा रस्ता म्हणजे जीओजी हे गेमचं ऑनलाइन दुकान. तिथे 'डायरेक्टर्स कट' घेतला की १९९६चा मूळ गेम सोबत मिळतो. एकाच खरेदीत तुलना करायला दोन्ही आवृत्त्या हातात येतात.

जुन्या सीडी कपाटात असतील तर त्याही चालतात, फक्त एक खाच लक्षात ठेवा. दोन्ही सीडींवर संवादांच्या आवाजाची फाइल एकाच नावाची आहे: स्पीच डॉट सीएलयू. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकल्या की दुसरी पहिलीला पुसते आणि अर्धा गेम मुका होतो. मी हे केलंय, आणि सीडीच खराब झाली असं समजून एक रविवार घालवलाय. पहिल्या सीडीवरची फाइल स्पीच१ आणि दुसरीवरची स्पीच२ करा. शेपटी तीच, अंक इंग्रजी, मध्ये जागा न सोडता. त्याबरोबर 'क्लस्टर्स' नावाच्या फोल्डरमधल्या फाइली, संगीताचा फोल्डर आणि चित्रफितींचा फोल्डर अशा सगळ्या एका मोठ्या फोल्डरमध्ये ठेवा. सीडी वाचायचं यंत्र नव्या लॅपटॉपला नसतं. यूएसबीवर चालणारं कुणाकडून तरी एका संध्याकाळपुरतं मागून आणा आणि एकदाच सगळं उतरवून ठेवा.

पायरी ३: फोनवर लावा

अँड्रॉइडसाठी स्कमव्हीएम गूगल प्लेवर आहे, आयफोन-आयपॅडसाठी अ‍ॅप स्टोअरवर. गेमचा फोल्डर फोनमध्ये कॉपी करा. अँड्रॉइडवर प्रोग्रामला तो फोल्डर बघायची परवानगी वेगळी द्यावी लागते. फाइली शोधायच्या खिडकीत नवा फोल्डर जोडायचा पर्याय असतो, तिथून द्या. मग 'गेम जोडा' करून तो फोल्डर निवडा. नाव आपोआप ओळखलं गेलं तर फाइली बरोबर आहेत. ओळखलं नाही तर बहुतेक वेळा तुम्ही एक पायरी वरचा किंवा खालचा फोल्डर निवडलेला असतो.

पायरी ४: चित्र

इथे दोन जातीचे गेम वेगळे करा.

१९९०च्या सुरुवातीचे, म्हणजे 'मंकी आयलंड', 'स्टील स्काय' वगैरे, ३२० × २०० बिंदूंचे. पण त्या काळच्या ४:३ मॉनिटरवर ते थोडे उभट ताणून दिसत आणि चित्रकारांनी तेच डोळ्यांसमोर ठेवून काढले. स्कमव्हीएममध्ये गुणोत्तर दुरुस्त करायचा पर्याय आहे. तो चालू करा, म्हणजे चित्र ३२० × २४० धरून दाखवलं जातं. स्टीम डेक या हँडहेल्ड संगणकावर खेळणाऱ्यांना इथे मोह होतो, कारण त्यांचा पडदा १२८० × ८००, म्हणजे ३२० × २००च्या बरोबर चौपट. पडदा काठोकाठ भरतो, एकेक बिंदू धारदार दिसतो, आणि तरीही चंद्र लंबगोल होतो. त्यापेक्षा ३२० × २४०ची तिप्पट, ९६० × ७२०, घ्या. निन्टेन्डो स्विचच्या १२८० × ७२०च्या पडद्याची उंचीही याने पूर्ण भरते.

'ब्रोकन सोर्ड' ६४० × ४८०चा, म्हणजे आधीच ४:३. त्याला ही दुरुस्ती लागत नाही. फोनच्या पडद्याची उंची १०८० बिंदू असेल तर बरोबर दुप्पट, १२८० × ९६०, नीट बसतो आणि वर-खाली मिळून १२० बिंदू मोकळे राहतात. पूर्णांकाच्या पटीत ठेवल्यामुळे अक्षरं स्वच्छ राहतात. चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर मी बंद ठेवतो. पार्श्वचित्रांमधला रंगाचा पोत त्यात पुसला जातो.

पायरी ५: बोट आणि माऊस यांतला फरक

ही पायरी चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही गेम आवडत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो.

माऊस दोन वेगळी कामं करतो. आधी तो फिरतो, मग क्लिक करतो. 'ब्रोकन सोर्ड'मध्ये कर्सर एखाद्या वस्तूवरून नुसता गेला तरी त्याचा आकार बदलतो आणि तिथे काहीतरी आहे हे कळतं. क्लिक करायचं की नाही ते तुम्ही नंतर ठरवता. बोटाला हे जमत नाही. पडद्याला लागलं की क्लिक झालं. 'बघणं' आणि 'करणं' यांच्यातली ती फट नाहीशी होते. हँडहेल्डच्या आवृत्त्यांमधले निम्मे बदल या एका कारणाने झालेले आहेत.

स्कमव्हीएममध्ये स्पर्शाच्या पद्धती निवडता येतात. 'थेट माऊस' म्हणजे बोट ठेवाल तिथे कर्सर. 'टचपॅड' म्हणजे बोट पडद्यावर कुठेही सरकवा, कर्सर लॅपटॉपसारखा त्या दिशेने जातो, आणि हलकी टिचकी मारली की क्लिक. टचपॅडच घ्या. पहिली दहा मिनिटं अवघड वाटेल, पण कर्सर पुन्हा वस्तूंवरून नुसता फिरू लागतो आणि बोटाखाली चित्र झाकलं जात नाही. दोन बोटांनी टिचकी मारली की उजवं क्लिक. मूळ गेममध्ये उजवं क्लिक म्हणजे 'नीट बघ'. जॉर्जची निरीक्षणं त्यामागे आहेत आणि गेमचा निम्मा स्वभाव त्या निरीक्षणांत आहे. डाव्या क्लिकवरच गेम पूर्ण करणारे बरेच भेटतात. त्यांना सांगावंसं वाटतं की पुन्हा जा आणि प्रत्येक दारावर, प्रत्येक फुलदाणीवर उजवं क्लिक करा.

ब्लूटूथ माऊस असेल तर फोनलाही जोडता येतो. टॅब्लेट टेबलावर उभा, शेजारी माऊस. रात्रीच्या खेळासाठी याहून आरामाचं काही नाही. स्टीम डेकवर उजवा ट्रॅकपॅड हेच काम करतो, जॉयस्टिकच्या काडीने कर्सर ढकलत बसू नका.

पायरी ६: आवाज आणि उपशीर्षकं

पर्यायांत 'आवाज आणि उपशीर्षकं दोन्ही' ठेवा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं इंग्रजी वाचन चांगलं असतं, पण फ्रेंच वळणाचं इंग्रजी आणि त्यानंतर आयर्लंडच्या खेड्यातल्या मॅकडेव्हिट्स पबमधलं इंग्रजी एका दमात कानावर पडलं की वाक्यं निसटतात. खाली मजकूर असला की निसटत नाहीत. मुकी डीएस आवृत्ती आपल्या गतीने वाचता येते हे खरं, पण त्या पबमध्ये प्रत्येक माणूस वेगळ्या सुरात बोलतो, कोण लपवतोय आणि कोण नुसताच टाइमपास करतोय ते आवाजातून कळतं. नुसत्या मजकुरात सगळे एकसारखे होतात.

इअरफोन लावा. फेलंग यांचं संगीत सतत वाजत नाही. ते मध्येच चार ओळींपुरतं येतं आणि निघून जातं. फोनच्या स्पीकरवर, पंख्याच्या आवाजात, ते आल्याचंही कळत नाही.

पायरी ७: सेव्ह

मूळ गेममध्ये मरता येतं आणि त्याची आधी सूचना मिळत नाही. स्कमव्हीएम दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह करतो, पण त्यावर विसंबू नका. नव्या गावात पोचलात, कुणी बंदूक काढली, एखाद्या अंधाऱ्या जागी शिरताय असं दिसलं, की वेगळ्या नावाने सेव्ह करा.

फोन आणि संगणक दोन्हीकडे खेळायचं असेल तर सेव्हच्या फाइली एकीकडून दुसरीकडे नेता येतात. स्कमव्हीएमला ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह जोडलं तर हे काम तो स्वतः करतो. मी दिवसा लोकलमध्ये चौकशी करतो, लोकांशी बोलतो, नोंदी ठेवतो. कोडी रात्री घरी मोठ्या पडद्यावर सोडवतो. 'डायरेक्टर्स कट'चे सेव्ह मात्र मूळ गेममध्ये चालत नाहीत, ते दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत.

पायरी ८: तुलना करायची तर तीन ठिकाणी करा

सगळा गेम दोनदा खेळायची गरज नाही. पहिलं ठिकाण सुरुवात. मूळ गेम शहराच्या दृश्यावरून हळूहळू कॅफेपर्यंत येतो, विदूषक येतो, स्फोट होतो, आणि तुम्हाला जॉर्जइतकंच कमी माहीत असतं. 'डायरेक्टर्स कट'मध्ये निकोमुळे तुम्हाला आधीच बरंच माहीत असतं. निकोचे प्रसंग चांगले लिहिलेत, पण त्यांनी त्या स्फोटाचा धक्का कमी केलाय असं मला ठाम वाटतं.

दुसरं ठिकाण तो आयरिश पब. एकदा आवाजासकट, एकदा डीएसवर किंवा आवाज बंद करून.

तिसरं ठिकाण तिथून जवळच, किल्ल्याच्या पडक्या भिंतींमधली बकरी. उत्तर सांगत नाही, पण एवढं सांगतो की आतापर्यंत गेमने तुम्हाला शिकवलेलं असतं की विचार करा, घाई नाही. या एका जागी मात्र योग्य क्षणी चपळाई लागते आणि गेम तसं सुचवतही नाही. पुढच्या आवृत्तीत हे कोडं सोपं केलं गेलं. इथे मी दुरुस्तीच्या बाजूने आहे. मूळ गेममध्ये तासभर अडकलात तर लाज न बाळगता उत्तर बघा आणि पुढे जा. पुढे सीरिया आहे, स्पेन आहे, ते महत्त्वाचं.

छोट्या यंत्रावरची आवृत्ती कधी घ्यावी

काही गेमांची नवी आवृत्ती मूळ गेमला पोटात ठेवते, ती बेलाशक घ्या. 'मंकी आयलंड'च्या २००९च्या विशेष आवृत्तीत संगणकावर एफ१० दाबलं की क्षणात १९९०च्या गेमचं जुनं रूप समोर येतं. त्यात जुन्या रूपात आवाज नाहीत. दुसऱ्या भागाच्या २०१०च्या आवृत्तीत जुन्या चित्रांवरही आवाज ठेवता येतात. 'डे ऑफ द टेन्टकल' (२०१६) आणि 'फुल थ्रॉटल' (२०१७) यांच्या नव्या आवृत्त्या प्लेस्टेशन व्हिटा या हँडहेल्डवरही आल्या, आणि त्यांतही जुनं-नवं असं बदलता येतं. व्हिटाचा पाच इंची पडदा ९६० × ५४४चा आणि स्पर्शाचा, त्यामुळे तिथे काहीही कापावं लागलेलं नाही. 'ग्रिम फँडँगो'ची २०१५ची आवृत्ती तर मूळ गेमपेक्षा खेळायला सोपी आहे. १९९८च्या गेममध्ये नायक मॅनीला रणगाड्यासारखं वळवत चालवावं लागे, नव्यात हवं तिथे टिचकी मारता येते.

फोनवर विकत घेतलेल्या आवृत्तीवर कायमचा भरवसा ठेवू नका. २०१७मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटचे जुने अ‍ॅप चालायचे थांबले. ज्यांच्या निर्मात्यांनी दुरुस्ती केली नाही ते गेम लोकांनी पैसे देऊनही गेले. निन्टेन्डोने थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद केलं. डीएसची कार्डं आणि गेम बॉयची कार्ट्रिज अजून चालतात, पण जुन्या बाजारात घेताना कार्ट्रिजचा मागचा शिक्का आणि धातूचे दात बघून घ्या. नकली पुष्कळ असतात.

मूळ गेमच्या फाइलींचा फोल्डर मात्र एकदा तयार झाला की तुमचा. त्याच्या दोन प्रती करा, एक संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, आणि फोल्डरच्या नावात आवृत्ती व साल लिहा. माझ्या पेन ड्राइव्हवर आता तीन फोल्डर आहेत. नवा फोन आला की सगळ्यात आधी १९९६चा उघडतो, टचपॅड चालू करतो आणि कॅफेसमोरच्या खुर्चीवर उजवं क्लिक करून जॉर्ज बोलतोय ना, ते तपासतो.